उघड्या बोटांचा माग

बरोबर जेवणाच्या वेळी दारात येऊन बसायचं, ही आपिसाईची लहानपणापासूनची खोड. आजही वासेमाथाने मासा आणि कसावा मांडला न मांडला तोच स्वारी हजर. फक्त आज मान खाली होती, मांडीवर देवमाशाचा दात होता आणि त्याच्या वतीने बोलायला गावातला म्हातारा तुईलाऊ शेजारी बसला होता.

"ताटं झाक गं," वासेमाथा मुलीला, लितियानाला, म्हणाली. "भाचा माफी मागायला आलाय. आधी ती भूक बघू त्याची."

दात हातात घेतला की प्रकरण पुरलं. पुन्हा त्याचा उच्चार नाही, लितियानाची तक्रारही नाही. रीतच तशी.

सुवा शहरातल्या प्रयोगशाळेत लितियाना आजारी अळूच्या पानांतून आरएनए काढायची. आपिसाई तिचा वरिष्ठ. एक दिवस नळ्यांमधल्या आरएनएचा नुसता चुरा निघाला. "पोरीने हातमोजे घातले नाहीत," असं आपिसाईने साहेबांना सांगितलं आणि लितियाना घरी बसली.

ती रडत होती तेव्हा वासेमाथाने विचारलं होतं, "आणि ते डीएनए बरं टिकतं? सख्खी भावंडं ना दोघं?"

"सख्खीच, आई. पण आरएनएच्या प्रत्येक कडीतल्या साखरेला ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो, हायड्रोजनला धरून. तो शेजारच्याच सांध्यावर उलटतो आणि साखळी तुटते. बोटांच्या घामात एक प्रथिन असतं, ते त्यालाच हाताशी धरून कापत सुटतं. डीएनएत तो अणूच नाही, आणि वर दोन धाग्यांचा पीळ."

"म्हणजे फितूर घरातलाच!"

लितियाना रडायची थांबली. "आई, ज्याची उघडी बोटं लागली, त्याचा डीएनए नळीत तसाच असेल."

दुसऱ्या दिवशी वासेमाथा चटई घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकात जाऊन बसली. सगळ्यांची लाळ तपासल्याशिवाय उठली नाही. नळीत अळूचा डीएनए सापडला, आणि आपिसाईचा. तक्रार करणार का, असं साहेबांनी लितियानाला विचारलं होतं. केली की आपिसाईची नोकरी जाणार.

"आत्या, घाई होती गं," आपिसाई पुटपुटला. "घाबरलो."

"घाबरलास म्हणून माझी पोर पुढे केलीस?"

"वासेमाथा, घे दात," तुईलाऊ म्हणाला. "रक्ताचं नातं आहे."

"आहे ना! म्हणून तर नाव पटकन आठवलं त्याला."

आपिसाईने दोन्ही हातांनी दात पुढे सरकवला. लितियानाचा हात नकळत उचलला गेला. वासेमाथाने तो मनगटाशी धरून खाली ठेवला.

"दात परत ने," ती म्हणाली. "तक्रार उद्या जाईल. मी मेले की ये, मयताला आणतात ती चटई घेऊन ये, रीतीप्रमाणे रड, तुला कुणी अडवणार नाही. तोवर मला आत्या म्हणायचं नाही."