डोलीतून वर

महाडच्या पेठेतली म्हातारी माणसं साध्या पडशालाही दवाखान्यात येऊन बसतात. डोंगरवाड्यांतली मात्र जवळजवळ येतच नाहीत. "वरची हवाच तशी, म्हातारपण बाधत नाही," असं एक डॉक्टर मला म्हणाले. मी सेविकांचा वर्ग चालवते; घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची विचारपूस कशी करायची, ते बायकांना शिकवते. म्हटलं, ती हवा आपणही एकदा खाऊन यावी. म्हणून पोलादपूरच्या वरच्या एका वाडीवर चढून गेले. हवा छानच होती. माझ्या छातीत तेवढी मावेना.

पहिल्याच घरात ठमाबाई तापाने फणफणलेली. टाचेत काटा मोडून पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. तिच्या मुलाला, येसाजीला, मी म्हटलं, "आजच खाली न्यायला हवं, नाहीतर पाय जाईल. त्याच्यामागून म्हातारीही. डोली बांधा."

डोली म्हणजे काय, बांबूला बांधलेली घोंगडी. पण ते नाव निघताच येसाजीने आईकडे पाहिलं. ठमाबाईने डोळे उघडले.

"डोलीतनं खाली गेलेला कोन वर आलाय गो बाय? सासू गेली ती गेली. शेजारची तुळसा गेली ती गेली. मी हितंच बरी हाय."

"त्यांना फार उशिरा नेलं, ठमाबाई."

"असंल. पन वर आलेलं एक तरी मानूस दाखव मला."

मी काय दाखवणार? डोली बांधायची ती शेवटच्या घटकेला, म्हणून माणूस वाचत नाही. आणि वाचत नाही, म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत कुणी डोलीत बसत नाही. डॉक्टरांची हवा ती हीच.

तिचा धाकटा दीर केरू उंबऱ्याशी बसला होता. सत्तरी उलटलेला, पण खुटखुटीत.

"वयनी, मी जातो खाली नि येतो वर. मंग बसशील?"

"तुला यमबी नाय उचलायचा."

"म्हनून तर जातो."

"वढा वलांडायचा हां. अलीकडनं फिरलास तर मी नाय मानायची."

येसाजी आणि शेजारचा मोरू त्याला डोलीत घालून उतरले. ओढा वाडीची शीव. तो ओलांडला की खाली गेल्यासारखंच. मी दारात उभी राहून सारखी ठमाबाईच्या पायाकडे बघत होते.

डोली परत आली तेव्हा दोघे घामाने निथळत होते आणि केरूचे डोळे मिटलेले.

"मेला काय रे?" ठमाबाईने विचारलं.

"झोप लागली व्हती," केरू म्हणाला. "लय ब्येस हाय. माझी भाकरी हितंच आना."

"ऊठ मेल्या. जागा दे मला."

दवाखान्यात टाच चिरून पू काढला, ताप उतरला, पाय वाचला. मी बाहेरच्या बाकावर बसून पोटभर रडून घेतलं आणि मग चहा प्यायले.

बरी झाल्यावर काठी टेकत तिला चालता येत होतं. तरी वर जाताना डोलीच हवी म्हणून हटून बसली. वाडीत पोचल्यावर येसाजी तिला उतरवू लागला, तर उतरेना.

"घराघरावरनं न्या मला. रंगूच्या दारात जरा जास्ती थांबा. तिला छातीत दुखतं, सांगत नाय कुनाला."

रंगूबाई दारातच होती. तिने आधी ठमाबाईला न्याहाळलं, मग घोंगडी चाचपली.

"टोचती काय गो?" तिने विचारलं.