गोजरबाईंच्या नावावर जगलेली सुई

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. खरे सांगायचे तर आता एका सुईचे दोन तुकडे. सध्या मी टोकियो शहरातल्या एका देवळात टोफू नावाच्या मऊ पदार्थाच्या मोठ्या लादीत रुतून बसले आहे आणि फार सुखात आहे. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीची सुई इतक्या लांब कशी आली, ते सांगते. मध्येच जांभया द्यायच्या नाहीत, हे आधीच बजावून ठेवते.

कारखान्यात तारेचा तुकडा कापला, एका बाजूला टोक काढले, दुसऱ्या बाजूला नेढे पाडले, की झाली सुई. त्यात कौतुक काही नाही. माझी खरी गोष्ट जुन्या जालन्यातल्या एका दुकानात सुरू झाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सगुणाबाई नावाची नवी सून तिथे घाबरीघुबरी होऊन आली. "दादा, गोधडीची जाड सुई द्या, जल्दी. जुन्यासारखी दिसंल अशी," ती म्हणाली.

झाले होते असे, की तिच्या सासूची, म्हणजे गोजरबाईंची, माहेराहून आणलेली सुई तिच्या हातून मोडली होती. गोजरबाईंचा त्या सुईवर भारी जीव. सगुणाबाईने मला चुलीच्या धुरात धरून काळवंडवले, माझ्यात जुनाच दोरा ओवला आणि गुपचूप डबीत ठेवले. दुसऱ्या दिवशी गोजरबाईंनी मला उन्हात धरून निरखले. "अशी सुई आता कुटं मिळत न्हाई बघ," त्या म्हणाल्या. मी तेव्हा चार दिवसांची होते!

तेव्हापासून माझे नाव 'गोजरबाईंची सुई'. मी किती गोधड्या शिवल्या, त्याला गणती नाही. जुन्या लुगड्यांचे पाच-पाच थर एका दमात पार करायचे. शेजारणी गोधडीवर हात फिरवून म्हणायच्या, "गोजरबाईच्या सुईची बातच न्यारी." मेहनत माझी आणि शाबासकी दुसरीला. मला राग यायचा, पण सुईला नेढे असते, तोंड नसते. गोजरबाई वारल्या, तरीही सगुणाबाईने खरे सांगितले नाही. एकदा थाप मारली, की ती सांभाळत बसावी लागते. पुढे घरोघर विकतची ब्लँकेटे आली आणि मी डबीत पडून राहिले. दसऱ्याला विळ्या-खुरप्यांशेजारी मांडून मला हळदकुंकू मिळे, तेवढेच.

मग सगुणाबाईची नात राजनंदिनी मोठी झाली. तिने जालन्यात नर्सिंग केले, जपानी भाषा शिकली आणि तिला टोकियोतल्या एका वृद्धाश्रमात नोकरी लागली. निघताना आजीने मला तिच्या कोटाच्या आतल्या घडीत खोचले. "तुझ्या पणजीची सुई हाय. जपून वापर अन् परत घेऊन ये." हे सांगताना तिची नजर जमिनीकडे होती. का, ते फक्त मला ठाऊक.

टोकियोचा हिवाळा मी त्या कोटातून पाहिला. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी आश्रमातल्या गरम पाण्याच्या हौदात युझू नावाची लिंबासारखी पिवळी फळे तरंगत होती. म्हाताऱ्या मंडळींनी त्यात बसून अंग शेकले. नव्या वर्षाला देवळापुढे ही मोठी रांग, पण ढकलाढकली नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला भाजलेले सोयाबीन फेकून घरातली इडापिडा हाकलली. आपल्या वयाइतके दाणे खायचे असतात म्हणे. आश्रमातल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मिसाओ आजींना दात नव्हते, म्हणून दाणे गरम चहात टाकून त्या तो चहा प्यायल्या.

त्याच संध्याकाळी राजनंदिनी मिसाओ आजींची कापूस भरलेली बंडी शिवायला बसली. शिवण जाड होती आणि मी म्हातारी झाले होते. कट्! मी मधोमध मोडले.

राजनंदिनी रडली हो. रोज घनसावंगीहून फोन यायचा. "सुई बराबर हाय ना?" आणि ही म्हणायची, "बिलकुल बराबर हाय, आजी." फोन ठेवला, की ती माझ्या तुकड्यांकडे बघत बसायची. तिला पणजीची सुई मोडल्याचे दुःख होते आणि ती पणजीची नव्हतीच! हे ओरडून सांगावेसे वाटे, पण सांगणार कशाने?

तिचे सुजलेले डोळे मिसाओ आजींनी पाहिले. त्या तरुणपणी किमोनो शिवायच्या. त्यांनी माझे तुकडे तळहातावर घेतले. "आठ तारखेला मला देवळात घेऊन चल. तो मोडलेल्या सुयांचा दिवस असतो," त्या म्हणाल्या.

चाकाच्या खुर्चीतून मिसाओ आजी, खुर्ची ढकलत राजनंदिनी आणि कागदात गुंडाळलेली मी, अशी आमची सहल निघाली. देवळात शिंपी होते, किमोनोतल्या बायका होत्या, शाळकरी मुली होत्या. प्रत्येक जण आपली मोडकी सुई टोफूत खोचून हात जोडत होता. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. जन्मभर जाड कापडात घुसून दमलेल्या सुईला शेवटी मऊ जागा द्यायची, अशी तिथली रीत आहे. राजनंदिनीला राहवले नाही. तिने तिथूनच आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि मोडक्या सुयांना हात जोडणारी ती गर्दी दाखवली.

"आजी, मी खोटं बोलून राह्यले. पणजीची सुई मोडली माझ्याकडून."

सगुणाबाई अंगणात उन्हाला बसली होती. तिने तोंडाला पदर लावला. ती रागावली, असे राजनंदिनीला वाटले.

"रडू नको, पोरी. ती पणजीची न्हाईच. पणजीची माझ्या हातानं मोडली. संक्रांतीला शहागडला गेल्ते, तवा गोदावरीत सोडली, हात जोडले अन् कुणाला सांगितलं न्हाई. तिकडं सुई मोडली तर आख्खं शहर हात जोडायला येतं, अन् मी पन्नास वर्सं एकलीच भेत राह्यले!"

राजनंदिनी आधी थक्क झाली, मग हसू लागली. आजीही हसली. हसता हसता दोघींनी डोळे पुसले.

"मंग ही कुणाची गं, आजी?"

"माझी. जुन्या जालन्यातून मी आणली, सगळ्या गोधड्या तिनंच शिवल्या. माझी सोताची हाय ती. नीट ठेव तिला."

मित्रांनो, पन्नास वर्षे मी या एका वाक्यासाठी थांबले होते. राजनंदिनीने माझे दोन्ही तुकडे टोफूत हलकेच खोचले आणि मराठीत म्हणाली, "ही सगुणाबाईची सुई."

तुमच्या वस्तू जपून वापरा, त्या तुमच्यासाठी झिजतात. पण हातून एखादी मोडलीच, तर लपवू नका. मोडल्याचे दुःख चार दिवसांत ओसरते, लपवल्याचे मात्र माणूस म्हातारे होईपर्यंत टोचत राहते, हे मी टोचण्यातली जाणकार म्हणून सांगते. बरे, आता मला झोपू द्या. पहिल्यांदाच मला कशातूनही पार जायचे नाही.