क्षमेचा महिना

आमच्या घरात 'वाढ' या शब्दाला एकच अर्थ होता. हे कामावरून आले, हातपाय धुऊन टेबलाशी बसले की म्हणायचे, "वाढ." मी वाढायचे. त्यामुळे विवाहितांच्या शिबिरात पाळकसाहेबांनी 'जोडीने आत्मिक वाढ' म्हटलं, तेव्हा मला आधी रात्रीच्या स्वयंपाकाचीच आठवण झाली.

हे फरशी बसवतात. आधी पाणसळ लावून जमीन सपाट करायची, मग माल पसरायचा, मग फरशी, आणि सांधे भरायचे ते सगळ्यात शेवटी. ओल्या कामावर कोणी पाय ठेवलेला यांना खपत नाही. शिबिरातून आल्यावर यांनी आत्म्याचंही तसंच आखलं. पहिला महिना जिभेचा, मग रागाचा, मग सौम्यतेचा, मग प्रार्थना, सेवा आणि शेवटी क्षमा. कागद ओट्यावरच्या फळीला चिकटवला, म्हणजे ढवळताना माझी नजर त्यावर पडावी.

"क्षमाच आधी घ्या की," मी म्हटलं. "आपल्याला गरज तिचीच आहे."

"पाया नाही तर छप्पर कशावर ठेवू?"

कोणाला क्षमा, ते दोघांनाही ठाऊक होतं. आमची एकुलती एक लेक, भिंगरी. लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून ते नाव. मागल्या वर्षी चर्चमध्ये मंडळीपुढे साक्षी चालल्या होत्या, देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकानं उठून सांगायचं. हे उभे राहून घरातल्या शांतीबद्दल देवाचे आभार मानत होते, तर ही मागून उठली. "बाबा, हे ढोंग आहे. काल आईवर ताट फेकलंत, तेही सांगा." चार माणसांत यांचं नाक कापलं गेलं. त्याच संध्याकाळी यांनी तिची बॅग जिन्यात ठेवली. ताट फेकलं होतं, हे मात्र खरंच होतं.

तर जिभेच्या महिन्यात हे खरोखर मूग गिळून बसले. रागाच्या महिन्यात कमालच केली. राग आला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे आणि तो उतरेपर्यंत बाहेर यायचे नाहीत. पहिली वाढ झाली ती पाण्याच्या बिलात. पण एकही ताट उडालं नाही, आणि मी वेडी आशेला लागले.

सौम्यतेच्या महिन्यात भिंगरीचा फोन आला. मी लाँड्रीत कामावर होते, हातात तापलेली इस्त्री. हृदयाची झडप, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, धोका आहे म्हणे. "आई, त्याआधी एक दिवस घरी येऊ? बाबांना विचार ना. काही बोलणार नाही मी, नुसती माझ्या खोलीत झोपेन." कोणाचा तरी पांढरा शर्ट माझ्या हाताखाली करपला.

घरी येऊन यांना सांगितलं. यांनी आधी कागदाकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मनात अजून राग आहे गं. आत्ता बोलावलं तर ते तोंडदेखलं होईल. ढोंग म्हणाली होती ना? तिच्याशी तरी मला ढोंग करायचं नाही. क्षमेचा महिना येऊ दे."

"ऑपरेशन महिना बघून येत नाही हो!"

"ओल्या फरशीवर पाय पडला तर ठसा कायमचा राहतो."

मी रडले, ओरडले, हातापाया पडले. यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं.

मी एकटीच गेले. हॉस्पिटलच्या हिरव्या कपड्यांत भिंगरी एवढीशी दिसत होती. तिनं माझ्या मागे दाराकडे बघितलं.

"बाबा?"

"खाली आहेत. लिफ्टला गर्दी आहे."

"आई, तुला जन्मात कधी खोटं बोलता आलं नाही." ती हसली. मी फोनवर तिला सगळं सांगत असे, म्हणून तिनं विचारलं, "कुठला महिना चालू आहे?"

"सौम्यतेचा."

"मग सौम्यपणे सांग त्यांना, मी वाट बघितली म्हणून."

तिला आत नेलं. ऑपरेशनच्या टेबलावरच ती गेली.

मला वाटलं, आता तरी हे कागद फाडतील. नाही. महिना संपला तशी यांनी सौम्यतेवर फुली मारली आणि प्रार्थनेला सुरुवात केली. "आता थांबलो तर ती फुकट गेली," म्हणाले. बैल गेला नि झोपा केला, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण जिभेचा महिना मीही पार पाडला होता. रोज यांच्या शेजारी गुडघे टेकायचे. देव आहे एवढं वाटायचं, त्याच्याशी बोलावंसं वाटायचं नाही.

सेवेचा महिनाही सरला आणि काल क्षमेचा लागला. हे कामावरून आले ते हातपाय न धुताच, गुडघ्यांना सिमेंट तसंच घेऊन, भिंगरीच्या खोलीत गेले आणि मला हाक मारली. तिच्या पलंगाशी गुडघे टेकून म्हणाले, "प्रभू, मी माझ्या लेकीला क्षमा केली. मनापासून केली. आणि तिनंही मला..." पलंगाची कड धरून हा माणूस हमसून हमसून रडला. त्यात कणभरही ढोंग नव्हतं. इतक्या वर्षांत मी यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं डोळे पुसून माझ्याकडे वळले. "आता तू. मला. जोडीनं करायचंय ना?"

मी तोंड उघडलं. मला यांची कीव आली, पण क्षमा म्हणतात ती काही सापडली नाही. शोधावीशीही वाटली नाही, आणि पुढे कधी वाटेल असंही नाही. याचीच मला भीती वाटते. कागदावर यापुढे महिनाच नाही.

"झालं तुमचं?" मी विचारलं.

"हो."

"मग हात धुऊन या," मी म्हटलं. "वाढते."