दहा मैलांचा फलक

जंगलाकाठच्या गोरेगाव गावच्या शाळेसमोर शिळा उभारायची होती. 'देशासाठी लढलेले' या शीर्षकाखाली सात नावे ठरली; आठव्यावर सभा अडली.

सातवे नाव हवालदार श्यामलाल यांचे. महायुद्धात ते ब्रह्मदेशात तोफखान्यावर होते. ते सभेतच बसले होते; त्यांच्या नावाला कोणी हरकत घेतली नाही. आठवे झामसिंगचे. हा जंगलातला लाकूडतोड्या. बेचाळीस साली त्याने रूळ जोडणारे बोल्ट काढले, मालगाडी उलटली आणि इंजिनावरचा फायरमन, गावचाच बकाराम, भाजून मेला. झामसिंग पुढे तुरुंगात वारला.

"देशासाठी केलं, कबूल," सरपंच चैतराम म्हणाले. "पण आपल्याच माणसाचा जीव घेतला. त्याले शिळेवर कसं चढवता?"

"मंग मायंबी नाव काढा जी," श्यामलाल म्हणाले. "आमी नकाशात पाहून गोळे सोडले. दुसऱ्या दिवशी त्या गावातून गेलो, तं एकबी शिपाई नोता. बाया होत्या. बैलं होते."

"अरे, ते युद्ध होतं!"

"त्या बायाईले कोणी सांगितलं होतं का?"

अखेर ठरले की, बकारामची विधवा सत्यभामा हो म्हणाली तरच झामसिंगचे नाव कोरायचे. विचारायला केशोरावांनी जायचे. रेल्वे लाइनचे निवृत्त इन्स्पेक्टर, तंत्रशाळेत शिकलेले, मोजूनमापून बोलणारे. शिळेचा आराखडाही तेच काढणार होते.

झामसिंगला ती जागा केशोरावांनीच सांगितली होती, हे मात्र सभेत कोणालाच ठाऊक नव्हते.

"माणूस मरणार नाई अशी जागा सांगा साहेब," एवढेच तेव्हा झामसिंग म्हणाला होता. केशोरावांनी हिशेब मांडला. नाल्याच्या पुलाजवळ रूळ खचला होता, म्हणून तिथे ताशी दहा मैलांच्या वेगमर्यादेचा फलक होता. इतक्या मंद गतीची गाडी रुळांवरून घसरेल, उलटणार नाही. त्यांनी जागा सांगितली, पाना दिला. दिवस विचारला नाही. आठवड्याने रूळ दुरुस्त झाला. त्यांनी नियमाप्रमाणे तपासणी केली, सही केली आणि फलक उतरवला. दुसऱ्याच पहाटे गाडी पूर्ण वेगाने आली.

शेताच्या धुऱ्यावरून सत्यभामाच्या घरी चालताना त्यांनी पुन्हा एकेक पायरी तपासली. सही बरोबर होती. फलक उतरवणेही बरोबर होते. मग चूक कोणत्या पायरीवर झाली? श्यामलालला कोणीही मरणार नाही अशी जागा शोधावी लागली नाही. झामसिंगने ती विचारून घेतली. तरी बकाराम मेलाच. तेरा वर्षे हे गणित सुटत नव्हते.

सत्यभामा अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती.

"या बाबू. झामसिंगचं विचाराले आले ना?"

केशोराव बसले नाहीत. जागा, पाना, फलक, सही असे सगळे त्यांनी क्रमाने सांगितले. सूप थांबले.

"दर दिवाळीले माया घरी फराळ धाडत होते, तो याच्यासाठी?"

केशोरावांनी होकारार्थी मान हलवली.

"झामसिंगनं जेलातून निरोप धाडला होता मले," ती म्हणाली. "म्हणे, वहिनी, गाडी हळू येनार होती, जोरात कायले आली समजलं नाई. मले वाटलं, मरता मरता खोटं बोलून राहिला." तिने सुपातला एक खडा वेचून फेकला. "लिहा त्याचं नाव. खोटा नोता तो."

"आणि माझं काय, सत्यभामाबाई?"

"मले कायले विचारता? शिकलेले तुमी. अन् बकारामचं कुठी लिहान? तो तं कोनासंगच लढाले गेला नोता. कोळसा टाकाले गेला होता."

तिने पाठ फिरवली. सूप पुन्हा वाजू लागले.

पुढच्या सभेत केशोरावांनी आराखडा पसरला. आठ नावे नीट समान अंतरावर होती. त्यांच्याखाली दोन ओळींची जागा मोकळी होती.

"हे रिकामं काऊन ठेवलं जी?" चैतरामांनी विचारले.

केशोराव उभे राहिले. झामसिंगला दिलेल्या पान्यापासून त्यांनी सांगायला सुरुवात केली.