सतरा टाक्यांची रांग

हाउकी कुठलीही हार्ड डिस्क गिळते, असं एरो केत्तुनेननं सोमवारी सकाळी मॉडेमवरच्या बोर्डावर, म्हणजे क्लबाच्या फोनवरून वाचायच्या फलकावर, लिहून टाकलं आणि समाधानानं कॉफीचा तिसरा कप भरला.

हाउकी म्हणजे तळ्यातला तो दातेरी मासा. बेडूक, बदकाचं पिल्लू, स्वतःचा धाकटा भाऊ, समोर येईल ते पोटात घालणारा. एरोनं दीड वर्ष खपून आणि विद्यापीठाच्या तीन परीक्षा बुडवून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती, तिला त्यानं हेच नाव दिलं होतं. योएन्सू गावाच्या कॉम्प्युटर क्लबात ती त्याच्यासकट सात जण वापरायचे. एरो त्यांना 'वापरकर्ते' म्हणायचा. त्याची आई त्यांना 'ती पोरं' म्हणायची.

"नवी आवृत्ती ०.१० आली आहे," त्यानं लिहिलं होतं. "डिस्क कुठल्याही कंपनीची असो, केवढीही असो. सात मशीनवर तपासली, सातही पास. एखादी डिस्क हाउकीला पचली नाही, तर मी कपड्यांसकट नदीवरच्या बर्फाला पाडलेल्या भोकात उडी मारीन."

सॉनाच्या तापलेल्या वाफेच्या खोलीतून निघून उघड्या अंगानं त्या भोकात उतरणारे लोक गावात ढिगानं होते, त्याचं कुणाला काही वाटत नसे. कपड्यांसकट उतरायचे ते फक्त दारुडे आणि पैज हरलेले.

गुरुवारी सकाळी नऊला फोन वाजला.

"केत्तुनेन," एरो म्हणाला.

"मी सोर्मुनेन बाई बोलतेय. तुझ्या माशानं माझे हातमोजे गिळले."

एरो चोवीस वर्षांचा होता. तरी तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

क्युल्लिक्की सोर्मुनेन बाईंनी त्याला तिसरीत विणकाम शिकवलं होतं. शिकवायचा प्रयत्न केला होता, असं म्हणू. वर्षाच्या शेवटी सगळ्यांनी एकेक लोकरी हातमोजा करून द्यायचा होता, चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा. एरोनं दिला त्याला अंगठाच नव्हता. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं होतं, "हे काय, मोजा का?" दहापैकी सहा मिळाले. चारला नापास करतात.

"बाई, तुम्ही हाउकी वापरता?"

"नोव्हेंबरपासून. भाच्यानं मशीन दिलं, सिस्टिम मी बोर्डावरून उतरवून घेतली. आता घरी ये, सगळं सांगते. आणि एरो, बूट बाहेर काढ. मागच्या वेळी तुम्ही लोकांनी वाचनालयात काय चिखल केला होता, मला माहीत आहे."

बाईंचं घर नदीपलीकडे होतं. स्वयंपाकघरात टेबलावर मशीन, मशीनवर विणलेलं आच्छादन, शेजारी ताटात भाताच्या पातळ भाकऱ्या आणि अंडं कालवलेलं लोणी. एरोनं आधी भाकरीकडे पाहिलं.

"आधी मशीन," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं त्या गावोगाव फिरत होत्या. म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडायच्या, जुने हातमोजे पाहायचे, त्यांची नक्षी चौकटीच्या वहीत उतरवायची. काळं घर, पांढरं घर. दोनशे चौदा नक्ष्या जमल्या. ज्यांच्या पेट्या होत्या त्यातल्या निम्म्या बायका आता स्मशानात. मग तळघरात पाणी शिरलं, वह्यांचा लगदा झाला, आणि होत्या तेवढ्या नक्ष्या वेळेवर मशीनमध्ये टाइप झाल्या होत्या म्हणून वाचल्या. उद्या दुपारी बारापर्यंत त्या छापखान्यात द्यायच्या होत्या. विणकाम मंडळाला पन्नास वर्षं होत होती, त्याचं पुस्तक.

"पण हाउकीच का, बाई? ती तर अजून..." एरोला 'कच्ची' म्हणायचं होतं. पण सोमवारचा फलक आठवला.

"नावांसाठी. आधीच्या सिस्टिममध्ये आठ अक्षरांचंच नाव देता यायचं. कोवेरोच्या आन्नी आजीचा काळा बदकांचा हातमोजा, हे आठ अक्षरांत बसव. तुझ्यात तीस बसतात."

दीड वर्षात हाउकीची कुणी केलेली ही पहिली स्तुती. एरोचे कान लाल झाले.

"मंगळवारी तुझी ती नवी शून्य-दहा घातली," बाई म्हणाल्या. "आता बघ."

त्यांनी मशीन चालू केलं. हाउकी उठली, नमस्कार म्हणाली, डिस्क ओळखल्याचं सांगितलं आणि पडद्यावर फाइलींची यादी म्हणून असं काही ओकली, जणू मांजर कळफलकावरून पळत गेली असावी.

"फ्लॉपीवर कॉपी काढून ठेवली असेलच," एरो आशेनं म्हणाला.

"'हाउकीच्या पोटात गेलेलं कधी हरवत नाही.' बोर्डावर कुणी लिहिलं होतं?"

"मी."

"मग."

एरोनं मशीनचं झाकण उघडलं. खरं तर झाकणात काही बिघडलेलं नव्हतं, पण हातात स्क्रूड्रायव्हर असला की माणूस कामात दिसतो. केबल काढून परत लावली. मग दुसऱ्या बाजूनं लावली. मशीन उठेना म्हणून परत पहिल्या बाजूनं लावली. डिस्कच्या पाठीवरची पिना जोडणारी चिमुकली प्लास्टिकची टोपी काढून शेजारच्या पिनांवर बसवताना ती निसटून कुठेतरी उडाली. दोघं गुडघ्यांवर रांगत ती शोधत होते. दहा मिनिटांनी ती लोण्यात सापडली.

"हे खाण्याचं नाही वाटतं," बाई म्हणाल्या.

मग एरोनं उर्पोला फोन लावला. उर्पो नेवालायनेन क्लबाचा सचिव. माणूस मोठा नेटका, सगळ्यांच्या वतीनं एकगठ्ठा माल मागवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"उर्पो, बाईंच्या मशीनवर शून्य-दहा डिस्क वाचत नाहीये."

"माझ्याकडे वाचतेय."

"ते ठीक आहे, पण इकडे..."

"सातही जणांकडे वाचतेय. बाईंनी काहीतरी दाबलं असणार. बायका काहीतरी दाबतात."

फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता आणि उर्पोचा आवाज मोठा होता. बाई एरोच्या मागेच उभ्या होत्या.

"त्याला म्हणावं, पाचवीतला लांब मफलर मला अजून आठवतो. पूर्ण कर म्हणावं."

"एरो," उर्पो मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाईंची डिस्क कुठली आहे?"

एरोनं डिस्कवरची चिठ्ठी वाचून दाखवली.

"मग ती आपल्यातली नाही."

"आपल्यातली म्हणजे?"

"अरे, ऑगस्टमध्ये आपण एकत्र मागवल्या नाहीत का? सात घेतल्या म्हणून स्वस्त पडल्या. सगळ्यांच्या सारख्या. एकाच खोक्यातल्या."

एरोनं फोन हळूच जागेवर ठेवला. सात मशीनवर तपासली, सातही पास. म्हणजे त्यानं एकच डिस्क सात वेळा तपासली होती. एका माणसानं सात वेळा आरशात पाहून सगळं गाव देखणं आहे असं जाहीर करावं, तसं झालं होतं.

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. बाई, जरा कॉफी मिळेल?"

कॉफी मिळाली, भाकरीही मिळाली. एरो खाता खाता पडद्यावरचा तो कचरा पाहत बसला. बाई चष्मा नाकावर ढकलून शेजारी उभ्या राहिल्या. त्या वाचत नव्हत्या, नक्षी पाहावी तशा पाहत होत्या.

"हे तिरकं जातंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हे बघ. इथे 'बदक'मधलं 'ब' आहे, मग खूप वेळ दुसऱ्याच कुणाचं तरी, मग 'द'. नक्षी कमी टाक्यांची असते आणि विणणारी एका रांगेत जास्त टाके घालते, तेव्हा असंच होतं. टाके सगळे बरोबर असतात, बदक मात्र रस्त्यावर चिरडल्यासारखं दिसतं. तू एका रांगेत किती टाके धरलेस?"

एरोचा घास तोंडात तसाच राहिला.

डिस्कवर माहिती रांगांमध्ये बसते आणि कुठल्या डिस्कच्या रांगेत किती घरं, हे कंपनीगणिक बदलतं. आधीच्या हाउकीत एरोनं स्वतःच्या डिस्कचा आकडा लिहून टाकला होता. सतरा. डिस्क कुणाचीही येवो, हाउकी तिच्या रांगा सतरा घरांच्याच समजायची. बाईंची डिस्क अडतीसची. पण हाउकी लिहिताना सतरा मोजायची आणि वाचतानाही सतराच मोजायची, त्यामुळे नोव्हेंबरपासून कुणाला पत्ता लागला नाही. चूक प्रामाणिकपणे, रोज, दोन्ही वेळा होत होती. मग एरोला शहाणपण सुचलं. ०.१० मध्ये त्यानं हाउकीला डिस्कलाच विचारायला शिकवलं: बाई गं, तुझी रांग केवढी? डिस्कनं खरं सांगितलं, अडतीस. आणि त्या क्षणापासून सगळं बिघडलं.

"बाई," एरो म्हणाला, "काही हरवलेलं नाही. सगळे टाके जागेवर आहेत. मी फक्त बरोबर मोजायला लागलो, म्हणून घोळ झाला."

"तिसरीतही तू असंच काहीतरी म्हणाला होतास."

"मला जुनी हाउकी हवी. शून्य-नऊ."

"मग घाल."

जुनी हाउकी नव्हती. एरोला आपल्या जुन्या कामाची लाज वाटायची, म्हणून नवी आली की तो जुनी पुसून टाकायचा, आणि उरलेल्या सहा जणांनाही पुसायला लावायचा. त्यानं सायकल काढली, बर्फातून दोनदा घसरत घरी गेला, आपल्या मशीनवर हाउकीच्या पोटात तो एक आकडा पुन्हा हातानं लिहिला, चाळीस मिनिटं मशीन घुरघुरत बसलं, मग फ्लॉपी खिशात घालून परत आला. जाताना पुलावर पोलिसानं त्याला अडवून दिवा नाही म्हणून सुनावलं. येताना त्याच पोलिसानं त्याच दिव्यावरून परत सुनावलं.

साडेतीन वाजता बाईंच्या पडद्यावर यादी उमटली. कोवेरोच्या आन्नी आजीचा काळा बदकांचा हातमोजा. सोनकायाच्या लुकेरीचा, नवऱ्याला न दिलेला. दोनशे चौदा. बाईंनी एरोच्या खांद्यावर हात ठेवला, दोनदा थोपटला, आणि जाऊन सिंकपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. बराच वेळ एकच कप धूत होत्या.

"आता लगेच फ्लॉपीवर काढू," एरो म्हणाला.

हाउकीला छापखान्याच्या मशीनला कळेल अशी फ्लॉपी लिहिता येत नव्हती. एरोनं तिथेच बसून त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला. हाउकी डिस्कवरून पाचशे बारा अक्षरांचा एकेक घास घेते. पूर्ण भरलेला घास उचलायचा, फ्लॉपीवर ठेवायचा, पुढचा उचलायचा. अकरा ओळी.

"एवढासाच?" बाई म्हणाल्या.

"छोट्या प्रोग्रॅममध्ये चुका राहायला जागाच नसते, बाई."

मग दोघांनी फ्लॉपी तपासली. एकेक नक्षी उघडायची, पडदाभर पाहायची, पुढे जायचं. मनगटाची किनार, तळहातावरची बदकं, सगळं जिथल्या तिथे. पडद्यावर चोवीस ओळी मावायच्या. त्याखाली काय आहे ते पाहायला कळ दाबावी लागायची, आणि दोनशे चौदा वेळा कोण दाबणार.

शुक्रवारी सकाळी अकराला बाईंनी फ्लॉपी स्वतःच्या हातानं छापखान्यात नेऊन दिली. छापखान्याच्या माणसानं कच्ची प्रत बघणार का विचारलं. "अकरा वर्षं तेच बघतेय," बाई म्हणाल्या. "आता बघितलं तर बदलत बसेन. छापा."

शनिवारी बोर्डावर एकच ओळ होती: "आज दोन वाजता. सोर्मुनेन."

नदीकाठी सॉनापाशी सहाही वापरकर्ते आले होते. उर्पोनं सगळ्यांसाठी एकगठ्ठा सॉसेज आणले होते.

"बाई, फाइली तर मिळाल्या ना," एरो म्हणाला. त्याच्या अंगावर कोट, टोपी, सगळं होतं.

"मिळाल्या. पण तू काय लिहिलं होतंस? 'पचली नाही तर.' दोन दिवस पचली नव्हती."

"कोट तरी काढू?"

"कपड्यांसकट म्हणाला होतास. आणि उर्पो, हसू नकोस, तुझा मफलर मी आणलाय."

एरोनं उडी मारली. कोट भिजून एवढा जड झाला की त्याला शिडीवरून वर ओढायला चौघं लागले, आणि त्या गडबडीत सॉसेजही पाण्यात गेले. त्याला आठ दिवस ताप होता. त्या आठ दिवसांत त्यानं हाउकीची ०.११ लिहिली. ती डिस्कला रांग विचारायची आणि त्यावर विश्वास ठेवण्याआधी माणसालाही विचारायची. बोर्डावर या वेळी त्यानं फक्त "बहुतेक चालेल" असं लिहिलं.

पुस्तक एप्रिलमध्ये आलं. वाचनालयात समारंभ झाला, कॉफी, वेलचीचे पाव, मंडळाच्या साठ बायका. प्रस्तावनेत बाईंनी एरोचे आभार मानले होते, पूर्ण नावानिशी. पहिली प्रत त्यांनी त्यालाच दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तिसरीतले सहा मार्क मी आज आठ करते. साठ बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या प्रती उघडल्या.

नक्षी लिहिताना आधी मनगट, मग हात आणि सगळ्यात शेवटी अंगठा, असा रिवाज असतो. फाइलीचा शेवटचा घास सहसा पूर्ण भरत नाही, आणि एरोच्या अकरा ओळी फक्त पूर्ण भरलेलेच घास उचलायच्या. दोनशे चौदा हातमोज्यांच्या त्या पुस्तकात अंगठा एकालाही नव्हता.