चार तासांत साडेसात हजार मैल

माझा मेहुणा गार्थ रस्क हा उंटावरचा शहाणा आहे. आमच्या मोजावे वाळवंटात उंट नाहीत, म्हणून तो मोटरसायकलवर बसतो.

असल्या शहाण्यांशी माझा रोज संबंध येतो. मी गाड्या तपासते. कॅलिफोर्निया राज्याचा परवाना आहे माझ्याकडे. लोकांच्या घरी जायचं, सांगाड्यावरचा नंबर बघायचा, धुराच्या नियमात बसल्याचं लेबल आहे का ते बघायचं, मैल लिहायचे आणि सही करायची. ती सही असली तरच पुढे नंबरप्लेट मिळते. डोंगरात आणि वाळूत उडवायच्या गाड्या परदेशातून मागवणारे आमच्याकडे पोत्याने आहेत. मागवण्याआधी नियम वाचणारा मात्र मला अजून भेटायचाय.

नियम असा: कॅलिफोर्नियाचं हे लेबल नसलेली गाडी साडेसात हजार मैलांच्या आत असेल तर ती नवी, आणि तसली नवी गाडी इथे नोंदवता येत नाही. त्याहून जास्त चाललेली असेल तर ती जुनी, मग चालते. जुनी झाली की गाडी धूर कमी सोडते असं कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे. पण धुराचा कायदा मुळात उगाच आला नाही. मी आणि माझी थोरली बहीण अर्लीन सॅन बर्नार्डिनो शहरात वाढलो. कित्येक दिवस शाळेत आम्हाला मैदानावर सोडत नसत, कारण धुरामुळे समोरचा डोंगर दिसत नसे. माझं काही बिघडलं नाही. अर्लीनची फुप्फुसं मात्र तेव्हाच गेली. स्वच्छ, कोरड्या हवेत राहा असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती वाळवंटात आली, आणि इथे तिला गार्थ भेटला. हवा तिने चांगली निवडली होती.

सप्टेंबरात गार्थचा फोन आला. एरवी माझ्या कामाला तो 'कारकुनी' म्हणतो. त्या दिवशी आवाजात साखर होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी. या गोष्टीतलं गाढव मी.

गॅरेजमध्ये नवीकोरी केशरी मोटरसायकल उभी होती. गार्थच्या शेजारच्या नेवाडा राज्यातल्या चुलतभावाने ती युरोपातून मागवली होती, म्हणजे कागदोपत्री त्याने. आता गार्थ ती त्याच्याकडून 'जुनी' म्हणून विकत घेणार होता. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमचं अर्धं गाव वाळूच्या टेकड्यांवर तंबू ठोकतं, आणि तिथे सगळ्यांच्या पुढे हीच गाडी दौडवायची असा त्याचा बेत होता.

"बघ, साडेसात हजारांच्या वर आहेत मैल," तो म्हणाला. "चुलतभावाने फार दामटली."

नव्या टायरवर असतात ते रबराचे केस अजून तसेच होते. पाय ठेवायच्या पट्टीचे दात इतके तीक्ष्ण होते की त्यांवर चीज किसता आलं असतं. चाकाजवळ, सेन्सरच्या शेजारी, ड्रिल मशीनचं लोहचुंबक लावलेलं टोक पडलं होतं, आणि तेही उचलून ठेवायची अक्कल या माणसाला नव्हती. ड्रिलने चुंबक फिरवायचं, गाडीला वाटतं चाक फिरतंय, मैल वाढतात. ही युक्ती इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि प्रत्येकाला ती आपणच शोधली असं वाटतं.

मी गाडीच्या पडद्याचं बटण दाबलं. मैलांनंतर इंजिनाचे तास येतात. रानात चालवायच्या गाड्यांचं तेल तासांवर बदलतात, त्यामुळे ते वेगळे मोजले जातात.

"गार्थ, इंजिन चार तास चाललंय."

"मग?"

"चार तासांत साडेसात हजार मैल. तुझा चुलतभाऊ चंद्रावर गेला होता का रे?"

त्याचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला. "तू मैल लिही ना. तास कुठे विचारलेत फॉर्मवर?"

"फसवणूक दिसली तर सही करायची नाही, एवढंच माझ्या परवान्यावर लिहिलंय."

स्वयंपाकघरातून अर्लीन खोकत बाहेर आली, हातात दम्याचा पंप. गॅरेजचं दार सरळ तिच्या स्वयंपाकघरात उघडतं. "भांडू नका रे," ती म्हणाली. "व्हर्ना, कॉफी घेऊन जा."

मला वाटलं विषय संपला. मूर्ख माणूस लाजला की थांबतो असा माझा समज होता, आणि एवढ्या वर्षांत मी गार्थला ओळखलं नव्हतं असंच म्हणायला हवं.

नोव्हेंबरात अर्लीन फोनवर अडखळायला लागली. डोकं दुखतं, मळमळतं, फ्लू असेल, म्हणाली. एका दुपारी सूप घेऊन गेले तर गल्लीच्या तोंडापासून घरघर ऐकू येत होती. गार्थ मागच्या अंगणात खुर्ची टाकून रेडिओवर फुटबॉल ऐकत बसला होता. गॅरेजचं मोठं दार बंद. आत गाडी स्टँडवर उभी, इंजिन चालू, ते तापू नये म्हणून समोर पंखा, आणि धुराच्या नळीला बागेतला पाइप चिकटपट्टीने जोडून बाजूच्या दाराच्या फटीतून बाहेर काढलेला. चिकटपट्टी केव्हाच वितळली होती.

"हे काय चाललंय?"

"तास भरतोय," गार्थ म्हणाला. "शेजारी आवाजाची तक्रार करतात, म्हणून दार लावून घेतलं."

पुढचं मी ऐकलं नाही. अर्लीन स्वयंपाकघराच्या टेबलावर डोकं टेकून बसली होती. ओठांचा रंग गेलेला. भिंतीवर विषारी वायूची सूचना देणारा डबा होता. सारखा केकाटतो म्हणून गार्थने त्यातली बॅटरी काढलेली. मी तिच्या काखांत हात घालून तिला अंगणात ओढत आणलं. गार्थने खुर्ची रिकामी करून दिली, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन.

धूर कमी व्हावा म्हणून कायदा झाला, आणि त्या कायद्यात बसायला या गाढवाने दोन महिने जागच्या जागी पेट्रोल जाळलं, तेही अशा बाईच्या उशाशी जिला धुरानेच अर्धं मारून ठेवलंय. वाळवंटाची इतकी हवा पडलीय चहूबाजूंनी. ती त्याने तिच्यासाठी बंद केली. मला त्याची घृणा आली, आणि ती मी तशीच ठेवली आहे.

इस्पितळात डॉक्टरीण म्हणाली, "या वेळी वाचल्या. पुन्हा असं झालं तर ही फुप्फुसं साथ देणार नाहीत."

गार्थने मान हलवली. मग मला खिडकीपाशी नेऊन हळूच म्हणाला, "दीडशे तास झालेत. आणखी किती झाले म्हणजे तुला खरं वाटेल? या वेळी पाइप नीट बसवतो."

मी त्याला जे बोलले ते सगळ्या मजल्याने ऐकलं असेल. तो ऐकून घेऊन कॉफी आणायला गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

"व्हर्ना," अर्लीनने तोंडावरचा मास्क खाली ओढला. तिने सगळं ऐकलं होतं. "करून टाक सही."

"वेड लागलंय तुला? माझ्याकडे राहायला चल."

"आणि तो? त्याला अंडंसुद्धा उकडता येत नाही."

"मरू दे उपाशी."

"तू सही केली नाहीस तर तो परत चालू करेल," ती म्हणाली. "मी त्याला ओळखते. तो सोडायचा नाही गं."

एकोणीस वर्षांत मी खोटी सही केलेली नाही. लोकांनी केक आणले, रडले, धमक्या दिल्या. मी त्या सगळ्यांना हसले होते. त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन मी सांगाड्यावरचा नंबर लिहिला, मैल लिहिले आणि खाली सही केली. कागद पुरता हातातून सुटायच्या आत गार्थने तो ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्पितळात गेले तेव्हा तो तिथे नव्हता. नोंदणी कचेरीच्या रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून लवकर गेला होता.

"केलीस?" अर्लीनने विचारलं.

"केली."

तिने मास्क परत तोंडावर ओढला आणि डोळे मिटले.