तंबाखू : नाही

"तंबाखू, सिगारेट, दारू?" रंभाताईंनी विचारलं.

"काय ताई, मला विचारता हे?" सात महिन्यांची गरोदर दर्शना ओढणी तोंडाला लावून हसली. रंभाताईंनी 'नाही' लिहिलं. दिवा स्टेशनजवळच्या चाळींत आशा सेविका म्हणून बारा वर्षं त्या हेच लिहीत आल्या होत्या.

त्याच आठवड्यात सोनोग्राफीत बाळाची वाढ कमी निघाली. खाणं नीट, रक्त बरं, नवरा सुदेश पाण्याचा हंडाही उचलू देत नाही. मग घोडं अडतंय कुठे? रंभाताईंना राहवेना. दुसऱ्या दिवशी त्या सकाळी सातलाच दर्शनाच्या घरी पोचल्या. आत सासूबाई तव्यावर तंबाखू भाजत होत्या आणि उंबऱ्यात दर्शना काळ्या बोटाने दात घासत होती.

"अगं, हे काय?"

"मशेरी. दात घासतेय."

"दिवसातून किती वेळा?"

"चार-पाच. मळमळ थांबते ना."

रंभाताई उंबऱ्यातच तिच्याशेजारी बसल्या. रागवायला तोंड नव्हतं, तासाभरापूर्वी त्यांनीही हेच केलं होतं. मशेरी म्हणजे तंबाखूच, हे बारा वर्षांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"माझी चार पोरं झाली मशेरीवर," आतून सासूबाई, मीराबाई म्हणाल्या.

"माझी पण झाली एक, मावशी. मुठीएवढी."

मग दोघींनी एकदमच सोडायचं ठरवलं. पहिला आठवडा रंभाताईंचं डोकं असं ठणकायचं, की भाजी अळणी आहे हे सांगायची नवऱ्याची छाती झाली नाही. तरी रोज सातला ब्रश घेऊन त्या दर्शनाच्या दारात हजर. मीराबाईंनी नाक मुरडलं, पण घरात भाजणं बंद केलं. शेजारणीकडून तयार आणू लागल्या.

मुलगी झाली. दोन किलो सहाशे. वजनकाट्यापाशी रंभाताईंना रडूच आलं.

घरी आल्या तेव्हा त्यांची वीस वर्षांची, लहानखुरी लेक सान्वी स्टुलावर चढून फळीवरचा पोह्यांचा डबा काढत होती.

"किती भरलं बाळ?"

"दोन सहाशे."

"आणि मी किती होते गं?"

आजवर त्या 'आठवत नाही' म्हणत.

"एक सातशे," त्या म्हणाल्या. "माझ्या मशेरीमुळे असेल. तेव्हा कळलं नाही गं मला."

 सान्वीने डबा आईच्या हातात दिला आणि आईच्याच खांद्याचा आधार घेत खाली उतरली.